धरणगावची भिल्ल पलटण आणि जेम्स आउट्रम

धरणगाव म्हटले की मराठी वाचकाला बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली याच गावी झाला. मात्र त्यापूर्वी पासष्ट वर्षे, म्हणजे १८२५ मध्ये, या गावाला निराळ्याच कारणाने नाव मिळाले होते. ठेंगण्या चणीचा, बावीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट येथे येऊन राहिला. ज्यांच्या नुसत्या नावाने खानदेशातील गावे दिवेलागणीलाच वेशीचे दरवाजे लावून घेत, त्याच डोंगरातल्या भिल्लांची त्याने येथे कवायती पलटण उभी केली. खानदेश भिल्ल कोअर या नावाने ती पुढे साठ-पासष्ट वर्षे नांदली. त्या लेफ्टनंटचे नाव जेम्स आउट्रम. लखनौच्या वेढ्यामुळे तो इतिहासाच्या पुस्तकांत गेला, कोलकात्याच्या एका घाटाला त्याचे नाव मिळाले आणि त्याचा देह लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत विसावला. तरीही त्याच्या साऱ्या कर्तबगारीचे मूळ शोधायचे तर धरणगावालाच यावे लागते.

आउट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटरली हॉल येथे झाला. वडील बेंजामिन आउट्रम हे नावाजलेले स्थापत्य अभियंते. बटरली येथील लोखंडाचा मोठा कारखाना उभारणाऱ्यांपैकी ते एक होते. मुलगा दोन वर्षांचा असतानाच १८०५ मध्ये ते वारले आणि भरल्या घराला ओढगस्त लागली. आई मार्गारेट ही स्कॉटलंडमधील अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँडरसन यांची कन्या. बाई मानी आणि करारी होती. पाच मुलांना घेऊन ती ॲबर्डीनला गेली आणि तुटपुंज्या उत्पन्नात तिने त्यांना वाढविले. जेम्सचे शिक्षण तिकडेच झाले. पुस्तकांपेक्षा मैदानी खेळांत रमणारा हा मुलगा धर्मोपदेशक होणे शक्यच नव्हते. सोळाव्या वर्षी कंपनी सरकारच्या सैन्यात त्याला कॅडेटची जागा मिळाली आणि १८१९ च्या ऑगस्टमध्ये तो मुंबईत उतरला. त्याचे खुजेपण तेव्हा छावणीत थट्टेचा विषय होते. मात्र पलटणीचा ॲडज्युटंट, म्हणजे शिस्त आणि कवायतीचा कारभारी, म्हणून तो लवकरच नावारूपाला आला.

त्या वेळचा खानदेश समजून घेतल्याशिवाय पुढची कथा उमगत नाही. यशवंतराव होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी तापीकाठचा हा सुपीक मुलूख उजाड केला होता. त्यानंतर पेंढारी आले, अरब शिबंदीने गढ्या बळकावल्या. डोंगराच्या पायथ्याशी गावाची राखण करून हक्काचे बलुते घेणारा भिल्ल गावच उठल्यावर पोरका झाला आणि रानात शिरला. जागल्या होता तो लुटारू ठरला. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांचा बंदोबस्त कसा झाला, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावी मोठ्या संख्येने भिल्लांना बोलणीसाठी बोलावले आणि दग्याने पकडून त्यांना विहिरींत लोटून मारले. सरकारी माणसाच्या शब्दावर भिल्ल का विश्वास ठेवीत नसत, हे यावरून कळावे.

महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरी मुलूख कंपनीकडे आला. थाळनेर पडले, मालेगावच्या अरबांनी कडवी झुंज दिली, अमळनेरही घ्यावे लागले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला अधिकारी म्हणून आला आणि त्याने धुळ्याला आपले ठाणे केले. आजच्या धुळ्यातील सरळ रेषेतले, काटकोनात छेदणारे रस्ते ही त्याचीच आखणी होय. किल्ले घेणे सोपे होते. डोंगर घेणे तसे नव्हते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा व अजिंठ्याची रांग, पश्चिमेला बागलाण आणि डांगचे रान, असा तिन्ही बाजूंनी भिल्लांचा वावर होता. ब्रिग्जने नाईकांना पेन्शने देऊ केली, घाटांवर चौक्या बसविल्या, न ऐकणाऱ्यांना फासावर चढविले. सात वर्षे हेच चालले. एक नाईक पकडावा तो दुसरा उभा राही.

याचे कारण लष्करी होते आणि ते समजण्यासाठी थोडे आडवळण घेतले पाहिजे. टेबलावर छोट्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या शिपायांनी जुन्या लढाया खेळण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत मोठा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई रंगवायचे, टेबलावर डोंगर, नदी, रान मांडायचे आणि फासे टाकून युद्ध करायचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांना हे नवे वाटणार नाही. या छंदात रोमन सेना फार लोकप्रिय आहे आणि नवखा खेळाडू तेथे हमखास एक चूक करतो. ढाली-तलवारींचे जड पायदळ, म्हणजे लीजन, दिसायला देखणे आणि सपाटीवर अजिंक्य. म्हणून तो सगळी सेना त्याचीच उभारतो. मग टेबलावरच्या रानात आणि चढावर ती रांग मोडते, हलके शत्रू तिच्याभोवती फिरून तिला घायाळ करतात आणि घोडदळ नसल्यामुळे त्यांचा पाठलागही होत नाही. जाणता खेळाडू लीजनच्या जोडीला साहाय्यक सैन्य घेतो. बॅलेरिक बेटांवरचे गोफणवाले, क्रीटचे तिरंदाज, नुमिडियाचे स्वार, ऱ्हाईनकाठचे बटावी हे सारे रोमने जिंकलेल्या किंवा शेजारच्या मुलखांतले लोक होते. रोमन सेनेचा तोल त्यांच्यामुळे साधला जाई. जे लीजनला जमत नसे, ते हे लोक करीत.

कागदावरचा युद्धखेळ प्रशियाच्या सैन्यात अधिकृतपणे शिरला तो १८२४ साली, राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटच्या खटपटीने. नेमक्या त्याच सुमारास मुंबई सरकार खानदेशात नवख्या खेळाडूचीच चूक करीत होते. मालेगावच्या छावणीत उत्तम कवायती पायदळ होते, तोफा होत्या, मैदानात पाठलाग करायला स्वार होते. परंतु तंबू, बैल, बुणगे यांच्यासह निघालेली पलटण डोंगराच्या तोंडाशी येईतो तिची वर्दी पाड्यापाड्याला गेलेली असे. दरीत घोडा चालत नसे, तोफ चढत नसे. उरले पायदळ. त्याला सातपुड्याचा ताप गाठी. गोळीने मेले नाहीत तेवढे शिपाई हिवतापाने मेले. रान ओळखणारा, माग काढणारा, अनवाणी रात्रीत कोसच्या कोस तुडविणारा हलका सैनिक या सेनेकडे नव्हताच. आणि तसा माणूस खानदेशात एकाच समाजात होता, जो समोर उभा होता त्याच.

आउट्रम आपल्या पलटणीबरोबर मालेगावी आला होता. १८२५ च्या एप्रिलमध्ये बागलाणात बंड झाले. सेवाराम नावाच्या इसमाने सातारच्या छत्रपतींच्या नावाची बनावट कागदपत्रे दाखवून भिल्लांना उठविले आणि मुल्हेरच्या डोंगरी किल्ल्यात ठाण मांडले. तोफा येईपर्यंत थांबावे असा वरिष्ठांचा विचार होता. आउट्रमने लहानशी तुकडी मागून घेतली, रातोरात मजल मारली आणि पहाटे मूठभर शिपायांनिशी एका बाजूने हल्ल्याचा देखावा केला. मागे मोठी फौज आहे असा समज होऊन किल्ल्यात घबराट उडाली आणि किल्ला हाती आला. पळणाऱ्यांचा त्याने घोड्यावरून पाठलाग केला. या प्रकारात त्याची हिंमत दिसलीच, पण डोंगरात संख्येपेक्षा वेग आणि युक्ती कामाला येते ही त्याची जाणही दिसली.

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा भिल्लांबाबतचे धोरण बदलण्याच्या विचारात होता. बंदुकीने प्रश्न सुटत नाही, हे त्याला कळून चुकले होते. खानदेशात भिल्लांसाठी स्वतंत्र एजंट नेमावेत, एका बाजूने त्यांना जमीन, बियाणे, बैल व तगाई देऊन शेतीला लावावे आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्यातल्याच धाडसी तरुणांची पलटण करावी, अशी ती योजना होती. अजिंठ्याच्या रांगेसाठी कन्नड येथे कॅप्टन ओव्हान्स बसला. त्याने वसाहती वसविल्या. पलटणीचे काम आउट्रमकडे आले. ओव्हान्सचे काम संथ, हिशेबी आणि कंटाळवाणे होते. त्यामुळे इतिहासाने त्याला विसरावे हे ओघानेच आले. परंतु दोघांपैकी एकाचे काम दुसऱ्यावाचून उभे राहिले नसते, असे जुनी कागदपत्रे वाचताना वाटते. रानातून खाली आलेल्या माणसाला पोटाची सोय नसती, तर नुसती बंदूक हातात देऊन तो किती दिवस राहिला असता?

पलटण उभारण्याचा एक प्रयत्न आधी फसला होता आणि भिल्ल कवायतीला येतील यावर बहुतेक अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. आउट्रमने सुरुवात केली ती कैद्यांपासून. पहिल्या चकमकीत धरलेल्यांपैकी काहींना त्याने सोडून दिले आणि आपल्या नातलगांकडे निरोप घेऊन पाठविले. मग तो स्वतः, बरोबर फौज न घेता, त्यांच्या पाड्यांवर जाऊन राहू लागला. पहिल्या भरतीत आले ते अवघे नऊ जण. सर्वांना एका जागी गोळा करून कापून काढण्याचा हा डाव आहे, अशी भीती रानात पसरली होती. कोपरगावच्या विहिरी आठवल्या म्हणजे ती अवाजवी म्हणता येत नाही. तिला आउट्रमजवळ एकच उत्तर होते आणि ते म्हणजे स्वतःचा जीव. तो त्यांच्यात निःशस्त्र बसे, त्यांच्या पहाऱ्यात झोपे, आजाऱ्याची विचारपूस करी, दिलेला शब्द पाळी. वर्ष उलटेपर्यंत नवाचे तीनशेच्या घरात गेले. धरणगावी त्यांच्या कुटुंबांसह वस्ती झाली, कवायतीचे मैदान झाले.

या साऱ्यात शिकारीचा वाटा मोठा होता. तापी-गिरणेच्या काठची झाडी तेव्हा वाघांनी भरलेली होती आणि गुरांवर व माणसांवर त्यांचा कहर चाले. आउट्रम भाला घेऊन, प्रसंगी पायी, वाघाच्या अंगावर जाई आणि माग काढायला भिल्ल त्याच्या पुढे असत. दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी जवळजवळ दोनशे वाघ मारले. आज ही संख्या वाचून अंगावर काटा येतो आणि खानदेशातले वाघ कुठे गेले याचे एक उत्तरही मिळते. पण भिल्लांच्या हिशेबात हा साहेब त्या दिवसांत आपला झाला. हुकमाने मिळत नाही ती निष्ठा त्याने अशी रानात मिळविली. ही निष्ठा कंपनीला वाहिलेली नव्हती. ती एका माणसाला वाहिलेली होती. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

कवायतही त्याने त्यांच्या अंगच्या गुणांना धरूनच बसविली. सरळ रांगेत खांद्याला खांदा लावून चालणे हा त्या पलटणीचा उद्देश नव्हता. विखरून चढणे, आडोसा घेणे, रात्री चालणे, माग न सोडणे ही कामे त्यांना येतच होती. त्यात भर घालायची होती ती हुकमाची, बंदुकीची आणि पगाराच्या दिवसाची. जड पायदळ मालेगावी राहिले, स्वार मैदानात राहिले आणि डोंगर या नव्या हलक्या पायदळाकडे आला. सेनेचा जो हात लुळा होता तो असा चालू लागला. हळूहळू घाटांवरच्या चौक्यांवरून नियमित पलटणीचे शिपाई काढून घेण्यात आले व तेथे भिल्ल बसले. संख्या सहाशेच्या आसपास गेली. १८२८ मध्ये जिल्ह्याच्या कलेक्टरने वर कळविले, की वीस वर्षांत प्रथमच खानदेशाने सलग सहा महिने शांतता अनुभवली.

एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे. ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली असता आउट्रमच्या जुन्या पलटणीतल्या शिपायांनी तिचे स्वागत केले. त्यांत रजपूत व इतर उच्चवर्णीय होते. त्यांनी या भिल्ल जवानांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. ज्यांची सावली गावात नकोशी होती, त्यांना मिळालेला हा मान होता. सात वर्षांच्या मोहिमांनी जे साधले नव्हते, ते अंगावरच्या गणवेशाने या बाबतीत साधले, हे नाकारता येत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू लगेच दिसू लागते. पलटण उभी राहिली ती चालविण्यासाठी. १८३० मध्ये आउट्रमने डांगच्या राजांवर स्वारी केली आणि तेथल्या भिल्लांविरुद्ध खानदेशचे भिल्ल चालून गेले. दुसऱ्या वर्षी यावल, सावदा भागात तडवी भिल्लांची गडबड झाली. त्याने चारशेहून अधिक लोक धरले आणि त्यांतल्या दीडशेच्या वर माणसांना खटल्यासाठी पुढे पाठविले. बडवानीकडेही तो गेला. प्रत्येक वेळी वाट दाखविणारे, माग काढणारे आणि घरात शिरून माणूस धरणारे हात भिल्लांचेच होते. साहाय्यक सैन्याचा तोल रोमला जसा उपयोगी पडला तसाच तो कंपनीला पडला. ज्यांच्या जोरावर तो साधला, त्यांच्या पदरात पगार पडला, पेन्शन पडले, काही ठिकाणी जमीन पडली. डोंगर मात्र त्यांचा राहिला नाही.

१८३५ मध्ये आउट्रमची गुजरातेत महीकांठ्याकडे बदली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने मुंबईत मामेबहीण मार्गारेट अँडरसन हिच्याशी विवाह केला. खानदेशात तो पुन्हा नोकरीला आला नाही. त्याची आठवण मात्र राहिली. पुष्कळ वर्षांनी त्याच्या जुन्या शिपायांपैकी काहींना कुठेशी एक लहानशी, ओबडधोबड मूर्ती सापडली. तिच्यात त्यांना आपल्या साहेबाच्या चेहऱ्याचा भास झाला. त्यांनी ती मांडली आणि आउट्रमसाहेब म्हणून तिची पूजा सुरू केली, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. खानदेशातल्या देव्हाऱ्यांचा आणि रानातल्या देवांचा परिचय असणाऱ्याला यात अशक्य असे काही वाटणार नाही. जो राखतो त्याला शेंदूर लावायचा, ही जुनीच रीत.

पुढचा आउट्रम हा साऱ्या हिंदुस्थानचा आहे. १८३९ मध्ये तो अफगाण मोहिमेवर गेला, गझनीच्या वेढ्यात होता. कलात पडल्यावर अफगाणी वेष करून अनोळखी मुलखातून आठेक दिवसांत त्याने समुद्रकाठ गाठला. सिंधमध्ये तो राजकीय प्रतिनिधी झाला. तेथे सर चार्ल्स नेपियर या सेनापतीशी त्याची गाठ पडली. एका भोजनसमारंभात नेपियरने त्याची तुलना बायार या मध्ययुगातील निष्कलंक फ्रेंच सरदाराशी केली आणि ते बिरुद त्याला जन्मभर चिकटले. पण सिंधच्या अमिरांवर लादलेले युद्ध अन्यायाचे आहे असे आउट्रमचे मत होते आणि ते त्याने लपविले नाही. गंमत अशी की १५ फेब्रुवारी १८४३ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हजारो बलुची चालून आले, तेव्हा मूठभर लोकांनिशी तिचा बचाव त्यानेच केला. सिंध खालसा झाला आणि लुटीतला त्याचा वाटा सुमारे तीन हजार पौंड निघाला. तो त्याने स्वतःकडे न ठेवता धर्मादाय कामांना देऊन टाकला. नेपियरशी त्याचे वैर जडले आणि दोघांनीही पुस्तकांतून एकमेकांना ओरबाडले.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध पुन्हा आला तो १८४४-४५ मध्ये. कोल्हापूर व सावंतवाडीकडे गडकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा सावंतवाडीच्या रानात हलक्या तुकडीनिशी पाठलाग करण्याचे काम त्याच्याकडे आले. खानदेशात शिकलेली विद्या तेथे कामी आली. १८४५ मध्ये तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला. त्याच्या आधी त्या जागेवर होता तो कन्नडचा ओव्हान्स. खानदेशातले हे दोन जोडीदार एकामागून एक छत्रपतींच्या गादीशेजारी सरकारचे डोळे होऊन बसावेत, हा योग विलक्षणच म्हणायचा. दोन वर्षांनी तो बडोद्याला गेला. गायकवाडी दरबारात आणि मुंबई सरकारच्या कचेऱ्यांत लाचलुचपतीची जी साखळी होती ती त्याने उघड केली. या प्रकरणाला इंग्रजी कागदपत्रांतही खटपट असेच नाव मिळाले. आपल्या भाषेतला हा शब्द लंडनच्या पार्लमेंटपर्यंत जाऊन पोहोचला. बक्षीस म्हणून आउट्रमला बडोद्यातून हलविण्यात आले. वरिष्ठांना न आवडणारे खरे लिहिणाऱ्याचे काय होते, ते त्या काळीही वेगळे नव्हते.

मात्र त्याच्या सरळपणाला मर्यादा होत्या आणि त्या अवधमध्ये दिसल्या. १८५४ च्या अखेरीस तो लखनौचा रेसिडेंट झाला. राज्यकारभार बिघडला असल्याचा अहवाल त्याने दिला आणि १८५६ च्या फेब्रुवारीत वाजिद अली शाहला पदच्युत करून अवध खालसा करण्याचे काम त्याच्याच हातून झाले. सिंधच्या अमिरांसाठी ज्याने आपले भवितव्य पणाला लावले, त्याने अवधच्या नबाबासाठी तसे काही केले नाही. १८५७ च्या उठावाच्या कारणांत ही खालसा चाल पहिल्या रांगेत येते.

त्या वर्षाच्या आरंभी तो इराणच्या मोहिमेवर सेनापती होता. ८ फेब्रुवारीला खुशाबची लढाई जिंकून तो परतला तेव्हा उत्तर हिंदुस्थान पेटला होता. लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्यांना सोडविण्यासाठी जनरल हॅवलॉक झगडत होता. आउट्रम त्याच्याहून वरिष्ठ. तरी त्याने सेनापतिपद आपल्याकडे न घेता, लखनौत पोहोचेपर्यंत हॅवलॉकच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून घोड्यावर बसणे पसंत केले. २५ सप्टेंबर १८५७ रोजी ते आत शिरले, पण सोडवायला गेलेले स्वतःच वेढ्यात सापडले. नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेल येईपर्यंत त्यांना तग धरावा लागला. नंतर शहराबाहेर आलमबागेत आउट्रमने चार हजारांच्या आसपास फौजेनिशी हिवाळाभर मोर्चा धरला.

तो आलमबागेत असताना इकडे सातपुडाही पेटला होता. आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण पिढीजात करणारे खाजा नाईक हे कधीकाळी कंपनीच्या पगारातच होते. नोकरी गेली, कैद झाली, सुटका झाली आणि उठावाच्या वर्षी घाट सांभाळण्यासाठी सरकारने त्यांना पुन्हा बोलावले. पण त्यांनी घाट सांभाळण्याऐवजी बंडाचे निशाण उभारले. भीमा नाईक त्यांना येऊन मिळाले. सरकारी खजिना लुटला गेला आणि शेकडो भिल्ल त्यांच्यामागे गेले. इसवी सन ९ मध्ये टॉयटोबुर्गच्या रानात तीन रोमन लीजन गारद करणारा आर्मिनियस हाही रोमच्याच साहाय्यक सैन्यात वाढलेला अधिकारी होता, याची येथे आठवण होते. सातपुड्यात तसा विजय झाला नाही. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. चालून आलेल्या सरकारी फौजेत धरणगावची भिल्ल पलटण होती. दोन्ही बाजूंनी एकच बोली बोलली जात असावी. झुंज चिवट झाली, इंग्रज अधिकारी जखमी झाले, भिल्लांचे बरेच लोक पडले. धरलेल्या पुरुषांतल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो स्त्रिया कैद झाल्या. खाजा नाईक निसटले. १८६० मध्ये दग्याने त्यांचा खून झाला.

आउट्रमच्या पलटणीने त्या दिवशी आपली निष्ठा सिद्ध केली, असे इंग्रज लेखक लिहितात. मात्र पलटणीत नव्हता, पेन्शनीत नव्हता आणि तगाईच्या वसाहतीतही नव्हता, असा फार मोठा भिल्ल समाज तेहतीस वर्षांनंतरही डोंगरातच होता, हेदेखील त्या दिवशी सिद्ध झाले. एल्फिन्स्टनच्या योजनेचे दोन हात होते. त्यांतला बंदुकीचा हात पुरता उभा राहिला. जमिनीचा हात ओव्हान्स गेल्यावर त्याच नेटाने चालला नाही.

आउट्रमला १८५८ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलवर तो काही काळ होता. तोवर प्रकृती पूर्ण ढासळली होती. १८६० मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला आणि ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे निधन झाले. वय साठ वर्षांचे. लंडनला थेम्स नदीच्या काठी त्याचा पुतळा आहे. घोड्यावरून मागे वळून पाहणारा त्याचा दुसरा पुतळा जॉन फोली याने घडविला. तो १८७४ पासून कलकत्त्याच्या रस्त्यावर होता आणि आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे.

धरणगावच्या पलटणीचा नमुना इतरत्रही उचलला गेला. १८४१ मध्ये राजस्थानात खेरवाड्याला मेवाड भिल्ल कोअर उभी राहिली, माळव्यातही तशीच एक झाली. मेवाडची तुकडी राजस्थान पोलिसांत आजही त्या नावाने आहे. खानदेशच्या मूळ पलटणीचे मात्र नाव उरले नाही. १८९१ मध्ये ती मोडून तिचे जवान पोलिसांत सामील करण्यात आले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०६ मध्ये, खानदेश जिल्ह्याचेच पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. धरणगाव पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आले आणि ब्रिग्जचे धुळे पश्चिम खानदेशचे ठाणे झाले.